पोहणे, सायकल, धावणे आणि एक हरकत

माणसाने पोहावं. सायकल चालवावी. वेळच आली तर धावावंही. यात गैर काही नाही. पण ही तिन्ही कामं एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक, मध्ये धड कपडेही न बदलता करावीत असं ज्या गृहस्थाला पहिल्यांदा सुचलं, त्याच्या घरी त्या दिवशी पाहुणे आलेले असणार असं माझं मत आहे. मला तरी ते पाहुण्यांमुळेच सुचलं.

पाहुणे म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मला ‘दादा’ म्हणतो, पण ते अशा सुरात की त्यापेक्षा ‘आजोबा’ म्हणाला असता तर बरं. या माणसाला पोट नाही. शास्त्राप्रमाणे असायला हवं, पण ते त्याने कुठेतरी आत ठेवून दिलेलं आहे. मनगटावर एक जाडजूड घड्याळ असतं. रात्री आपल्याला झोप लागली होती की नाही हे तो सकाळी त्या घड्याळाला विचारतो आणि घड्याळ नाही म्हणालं तर दिवसभर जांभया देतो.

तर जेवताना त्याने सांगितलं की आमच्याच शहरात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होणार आहे आणि तो उतरतोय. दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. मी म्हणालो, "सगळं एकाच माणसाने?" यावर तो दयेने हसला. "दादा, तुम्ही या ना बघायला. टॉवेल धरायला कोणीतरी लागतंच."

सगळे हसले. हसण्याला माझी हरकत नव्हती. पण सगळ्यांचं हसून झाल्यावरही माझी बायको थोडा वेळ हसत राहिली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी बोलून गेलो, "तुझा टॉवेल तूच धर. मीही उतरतोय."

पाहुणे गेल्यावर ती ताटं उचलत म्हणाली, "अहो, घरात अर्धवट गोष्टी काय कमी आहेत?"

एवढंच. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. बाहेर ढग आलेत असं सांगावं तसं. ती रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडणात मी वाईट नाही. पण बाल्कनीचा कठडा निम्मा हिरवा आणि निम्मा गंजका होता, पुस्तकांच्या कपाटाला वरच्या दोन फळ्या बसायच्या राहिल्या होत्या आणि एक परकी भाषा मी ‘स्टेशन कुठे आहे’ इथपर्यंत शिकून सोडून दिली होती. त्या भाषेत स्टेशन कुठे आहे हे कोणी सांगितलं असतं तर मला कळलं नसतं. वाक्य खरं होतं, म्हणून लागलं. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, हिच्या डोळ्यांदेखत एकदा एक गोष्ट शेवटापर्यंत न्यायची. साडूचा यात काही संबंध नाही. साडू नुसता निमित्त.

सुरुवात पोहण्यापासून केली. मला पोहता येत होतं. म्हणजे लहानपणी मला पाण्यात टाकलं होतं आणि मी आजही हयात आहे, एवढा पुरावा माझ्याकडे होता. सार्वजनिक तरणतलावाच्या खिडकीशी बसलेल्या कारकुनाला तो पुरेसा वाटला नाही.

"खोल भागात जायचं असेल तर पोहता येत असल्याचा दाखला लागतो," तो म्हणाला.

"कुठे मिळतो?"

"इथेच. खोल भागात चाचणी घेऊन देतो आम्ही."

"मग घ्या चाचणी."

"दाखल्याशिवाय खोल भागात सोडता येत नाही."

दुसऱ्या कोणीही इथे आरडाओरडा केला असता. मी मात्र हात जोडायचेच बाकी ठेवले. इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी शहराच्या प्रशासनात ‘रस्ता वापर परवाना’ शाखेत मुख्य लिपिक आहे. कोणालाही कोणत्याही कारणासाठी रस्ता अडवायचा असला की अर्ज माझ्या टेबलावर येतो आणि मी त्यावर हरकत काढतो. हरकत काढणं हे वाटतं तितकं सोपं नाही. अर्जात चूक असेल तर चूक कोणीही दाखवेल. अर्ज निर्दोष असताना हरकत काढायला माणूस त्या कामात मुरलेला लागतो. माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत अर्ज सुटल्याचं कोणाला आठवत नाही. तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस आपल्याच घराण्यातला आहे हे मी ओळखलं.

दाखला मिळेपर्यंत मी उथळ भागात सराव केला. तिथे पाणी माझ्या कमरेला लागत होतं आणि इतर विद्यार्थ्यांच्या हनुवटीला. त्यांच्या आया काठावरच्या बाकावर बसत. एकीने मला विचारलं, "तुमचं कोणतं यातलं?" मी म्हणालो, "मीच." त्यानंतर तिने आपलं मूल दुसऱ्या टोकाला हलवलं. हात मारताना मी तळाला घासायचो, त्यामुळे गुडघे सोलवटले. पोहताना गुडघे फुटलेला माणूस आमच्या डॉक्टरांनी आजवर पाहिला नव्हता.

शेवटी कारकुनानेच वाट काढली. "हे बघा, तुम्ही चालताना चुकून खोल भागात पडलात आणि आपले आपण बाहेर आलात, तर ती चाचणी धरता येईल. फक्त येत्या मंगळवारी पडा. सोमवारी मी रजेवर आहे."

मंगळवारी ठरल्याप्रमाणे मी चुकून पडलो. बाहेर यायला जरा वेळ लागला, पण आलो.

सायकलचं प्रकरण याहून नाजूक. स्पर्धेच्या सायकलची बैठक इतकी अरुंद असते की ती करणाऱ्याने बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता की फक्त सायकलचा, असा प्रश्न पडतो. रस्त्यावर जायचा धीर होईपर्यंत मी ती दिवाणखान्यात एका लोखंडी घोडीवर चढवली. मागचं चाक घोडीत अडकवायचं, पायडल मारत राहायचं आणि भिंतीकडे बघायचं. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या छताचा दिवा झोके घेत होता. त्या म्हणाल्या, "मला वाटलं भूकंप. मी कागदपत्रं घेऊन जिन्यात उभी होते हो." त्यांचं जेवण राहिलं होतं, म्हणून ते आमच्याकडे झालं.

मग मी सायकल गच्चीवर नेली. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी हजर.

"गच्चीवर वाहन ठेवायला बंदी आहे."

"पण ती घोडीवर आहे. जागची हलत नाही. जे हलत नाही ते वाहन कसं?"

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. "हलत नसेल तर ते भंगार. गच्चीवर भंगार ठेवायलाही बंदी आहे."

हा माणूस आमच्या शाखेत असायला हवा होता. नाइलाजाने मी रस्त्यावर आलो. पहिल्याच दिवशी सिग्नलला थांबलो, पण या सायकलचे बूट खटक्याने पायडलला अडकवलेले असतात, ते सुटेनात, त्यामुळे मी सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल अशा बेताने डावीकडे आडवा झालो. मागच्या बसमधले प्रवासी उभे राहून बघत होते. एकाने खिडकीतून विचारलं, "काका, मुद्दाम करताय का?"

सल्ला द्यायला मात्र कोणाची रजा लागत नाही. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, दातावर दात ठेवून धावू नका, दाढा जातील. वरच्या मजल्यावरचे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक जिन्यात गाठून म्हणाले, "पूर्वी एक निरोप्या असाच मैलोन्‌मैल धावत आला होता. निरोप दिला आणि मेला. त्याच्याकडे निदान निरोप तरी होता." खालच्या काकूंचं म्हणणं, एवढं लांब जायचंच आहे तर बस का नाही घेत. काकूंच्या सल्ल्यात तथ्य होतं हे मी आज मान्य करतो.

बायको या सगळ्यात काही बोलत नव्हती. ती फक्त बघत होती. मी पहाटे धावून आलो की दार उघडायची, घड्याळाकडे एक नजर टाकायची आणि चहा ठेवायची. तिच्या नजरेत थट्टा नव्हती. हा कधी सोडतो याची ती वाट बघत होती. घाई नाही, आशा नाही, गेल्या अनुभवावरून बांधलेला एक अंदाज. त्या नजरेपायी मी दोनदा तापातही धावलो.

आणि एक दिवस स्पर्धेचा अर्ज माझ्या टेबलावर आला.

संयोजकांना रस्ते बंद हवे होते. सायकलसाठी त्यांनी नदीकाठचा रस्ता मागितला होता. सरळ, सपाट, दुतर्फा झाडं. मी तो अर्ज घेऊन तडक मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की मी या स्पर्धेत भाग घेतोय, तेव्हा हा अर्ज दुसऱ्याकडे द्यावा. साहेब म्हणाले, "दुसऱ्या कोणाला कळतंय का काही? तुम्हीच बघा. फक्त आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणता कामा नये."

माझ्यासारख्या माणसाला असं सांगू नये. आपल्या माणसाला झुकतं माप न देण्यासाठी मी नेहमीपेक्षा कडक झालो. नदीकाठच्या रस्त्यावर प्रसूतिगृह आहे हे नकाशात दिसत होतं. मी लिहिलं, ‘सदर मार्गावर प्रसूतिगृह असून सायकलस्वारांच्या आरडाओरड्याने तेथील शांततेचा भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब विनंती मान्य करता येत नाही.’ खाली अटी घातल्या. धावण्यासाठी मागितलेला शहरातला मुख्य रस्ता दुपारी चार वाजता वाहतुकीस खुला करावा लागेल, कोणत्याही कारणास्तव मुदतवाढ दिली जाणार नाही, इत्यादी. सही करताना माझा ऊर भरून आला. स्वतःचा स्वार्थ बाजूला ठेवून इतकी शुद्ध हरकत मी कधीच काढली नव्हती.

संयोजक बिचारे गरीब निघाले. त्यांनी वाद घातला नाही. आठवड्याच्या आत सुधारित अर्ज आला आणि त्यात त्यांनी सायकलचा मार्ग दगडखाणीच्या टेकडीवरून नेला होता. एकदा नव्हे, तीन फेऱ्या. या मार्गात काढायला मला एकही हरकत सापडेना. तिथे प्रसूतिगृह नव्हतं, शाळा नव्हती, माणूसच नव्हता. नुसता चढ होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्पर्धकांचा फोनवर एक गट होता, त्यात दुसऱ्या दिवशी आग लागली. ‘कोण तो गाढव?’ ‘त्याने आयुष्यात सायकल पाहिली आहे का?’ ‘त्याला टेकडीवर नेऊन सोडा.’ मीही दोन कडक शब्द लिहिले. सगळे लिहीत असताना एकटा गप्प बसलो असतो तर संशय आला असता. माझ्या शब्दांना पुष्कळांनी अंगठे दिले. साडूचा फोन आला. "दादा, तुमच्याच ऑफिसातलं कोणी दिसतंय. जरा बघा ना कोण आहे तो!"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

फोन ठेवला तर बायको संयोजकांचं पत्रक वाचत होती. त्यात त्यांनी नकाराचा मजकूर जसाच्या तसा छापला होता.

"‘सबब विनंती मान्य करता येत नाही,’" तिने मोठ्याने वाचलं. "हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सुट्टीला कुठे जाऊया म्हटलं की."

मी फोन चार्जिंगला लावायला गेलो.

"मग आता?" तिने विचारलं. "सोडणार?"

सुटकेचा इतका सरळ दरवाजा मला कोणी कधी उघडून दिला नव्हता. टेकडी, वय, गुडघे, सगळी कारणं सज्ज होती. पण तिने ‘सोडणार?’ हे इतक्या सहज विचारलं की उत्तर तिला आधीच ठाऊक असावं. म्हणून मी म्हणालो, "नाही."

तिने पत्रक घडी घालून ठेवलं. "बरं," म्हणाली. या ‘बरं’चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

स्पर्धेच्या सकाळी तलावाच्या काठावर शेकडो माणसं काळ्या रबरी कपड्यांत उभी होती. तो कपडा अंगात चढवायला मला बायकोची आणि एका अनोळखी बाईंची मदत लागली. साडू पुढच्या रांगेत हात फिरवत होता. मी शहाणपणाने शेवटच्या रांगेत थांबलो. भोंगा वाजला, सगळे पाण्यात घुसले आणि पहिल्याच मिनिटाला कोणाची तरी टाच माझ्या नाकावर बसली. तलावात तळ दिसत नाही, पट्टे नसतात, भिंत नसते. मी एक पिवळी टोपी हेरली आणि तिच्या मागे निघालो. बराच वेळ छान चाललं होतं. मग ती टोपी थांबली आणि मागे वळून म्हणाली, "तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?"

"मी तुमच्या मागे आहे," मी म्हणालो.

"अहो, मी तुमच्या मागे होतो!"

आम्ही दोघं एकमेकांचा पाठलाग करत तलावाच्या मध्यभागी एक मोठं वर्तुळ काढून बसलो होतो. होडीवाल्याने शीळ घालून आम्हाला काठाची दिशा दाखवली. पाण्याबाहेर येणाऱ्यांत मी शेवटून दुसरा होतो. पिवळ्या टोपीवाल्याने तिथेच नमस्कार केला आणि तो घरी गेला.

टेकडीबद्दल काय सांगावं? कागदावर ती मी मंजूर केली तेव्हा बोटभर लांब होती. पहिल्या फेरीला मी पायडल मारले, दुसरीला सायकलवरून उतरलो, तिसऱ्या फेरीला सायकल मला ढकलत होती की मी सायकलला हे सांगणं कठीण होतं. माझ्याबरोबर एक बाई सायकल ढकलत चालल्या होत्या. व्यवसायाने भूलतज्ज्ञ. त्या म्हणाल्या, "ज्याने हा रस्ता ठरवला ना, तो माणूस मला एकदा टेबलावर मिळायला हवा."

"मलाही," मी म्हणालो, आणि ते मनापासून होतं.

"भूल न देता," त्या म्हणाल्या.

धावायला सुरुवात केली तेव्हा बहुतेकांचं धावणं संपत आलं होतं. माझं धावणं कसं होतं हे विचाराल तर दुरून पाहणाऱ्याला मी काहीतरी शोधतोय असं वाटलं असतं. साडू समोरून परतीच्या वाटेवर आला. "दादा, अजून आहात तुम्ही?" तो ओरडला. त्याच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही. मला उत्तर द्यायचं होतं, पण श्वास दुसऱ्या कामात गुंतला होता.

पुढे धावण्याचा मार्ग नदीकाठच्या रस्त्याला एका चौकात शिवून जातो. तिथे मी सहज वळून प्रसूतिगृहाकडे पाहिलं. प्रसूतिगृह नव्हतं. त्या जागी फरशा कापण्याचा कारखाना होता आणि त्यातून असा कर्कश आवाज येत होता की शंभर सायकलस्वार ओरडले असते तरी कोणाला ऐकू आलं नसतं. दारातल्या रखवालदाराला मी विचारलं. तो म्हणाला, "दवाखाना? तो जाऊन जमाना झाला." जागेवर जाऊन न पाहता हरकत काढणं ही आमच्या शाखेची जुनी पद्धत आहे. ती मीच पाडली. तिथे पाण्याच्या टेबलाजवळ मी थोडा वेळ खाली मान घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं दमलोय.

शहराच्या मुख्य रस्त्यावर पोचलो तेव्हा शेवटचा एक किलोमीटर उरला होता. समोर लोखंडी अडथळे बाजूला करायचं काम चाललं होतं आणि तिथे हातात शिट्टी घेऊन उभा होता आमच्या शाखेतला कनिष्ठ लिपिक. त्याला आम्ही ‘पुरवणी’ म्हणतो, कारण त्याचं कोणतंच बोलणं एका पानात संपत नाही. माझ्याच हाताखाली तयार झालेला. रस्ता वेळेवर उघडतो की नाही हे बघायला मीच त्याला नेमलं होतं.

"साहेब," तो खाली बघत म्हणाला, "चार वाजले."

"दिसतंय मला."

"तुम्हीच लिहिलंय, कोणत्याही कारणास्तव. म्हणजे पावसाचं असो, तब्येतीचं असो, सगळी कारणं त्यात येतात. मी परत वाचून पाहिलं." मग आवाज खाली आणत म्हणाला, "पण साहेब, माझं घड्याळ मागे आहे असं म्हणता येईल. तुम्ही फक्त हो म्हणा."

फक्त हो म्हणायचं होतं. एक किलोमीटर. पलीकडे कुठेतरी बायको उभी होती. मी वळून पाहिलं, तर बाजूच्या रस्त्यावर बसगाड्यांची रांग लागलेली, आत माणसं घामाघूम, एक म्हातारे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन खिडकीतून माझ्याकडे बघताहेत. चारला रस्ता उघडेल या माझ्या सहीच्या भरवशावर ही माणसं थांबली होती. त्या सहीवर मला आयुष्यात प्रथमच इतका राग आला, पण ती खोटी करायला हात होईना.

"उघड रस्ता," मी म्हणालो.

पुरवणीने शिट्टी फुंकली. बसगाड्या सुटल्या. संपलं, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांनंतर, इतक्या जवळ येऊन, पुन्हा अर्धवटच. पुरवणी मात्र माझ्या कानाशी आला. "साहेब, एक जोड. फूटपाथवरून चालायला परवाना लागत नाही. ते आपल्या शाखेकडे येतच नाही."

मी फूटपाथवर चढलो. एवढी पायरी चढायला दिव्याच्या खांबाचा आधार घ्यावा लागला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मुख्य रस्त्याच्या फूटपाथवर सगळं शहर खरेदीला आलेलं असतं. त्या गर्दीतून मी अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, पोटावर क्रमांक लावून, धावल्यासारखा चालत निघालो. एका दुकानदाराने विचारलं, कसली जाहिरात आहे. शिंप्याने बाहेर टाकलेल्या खुर्चीला वळसा घातला. चौकात माणसांचा दिवा लाल होता, तिथे इतरांबरोबर शिस्तीत उभा राहिलो. शेजारी पिशवीत कोबी घेऊन आमचे इतिहासाचे प्राध्यापक उभे होते.

"झाली का स्पर्धा?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या आजूबाजूला पाहिलं, मागे पाहिलं, कोणी दिसलं नाही. "मग तुम्ही पुढे आहात," ते म्हणाले. दिवा हिरवा झाला.

शेवटी स्पर्धा जिथे संपायची ते मैदान आलं. स्पर्धेची कमान उतरवली होती. तिच्यातली हवा काढून दोन माणसं ती टेम्पोत कोंबत होती. पंच गेले होते, घड्याळ गेलं होतं, पदकांचं टेबल उलटं करून त्याचे पाय काढायचं काम चाललं होतं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, माझी पिशवी खांद्याला लावून, उन्हाने लाल झालेली माझी बायको एकटी उभी होती.

"रेषा कुठे होती?" मी विचारलं.

"इथेच कुठेतरी," ती म्हणाली.

मी तिच्यापर्यंत गेलो. मग वाटलं थोडी पुढे असेल, म्हणून टेम्पोपर्यंत गेलो. तरीही खात्री होईना, म्हणून टेम्पोला वळसा घालून कडेच्या भिंतीला हात लावून आलो. ती शांतपणे बघत होती.

"अगं, पण हे धरणार कसं?" मी म्हणालो. "घड्याळ नाही, पंच नाही, रेषासुद्धा नाही. शेवटचा तुकडा मी फूटपाथवरून आलोय. निकालात ‘अपूर्ण’ लिहितील. नोंदच नाही कुठे."

"मग मी सकाळपासून काय करत होते इथे?" ती म्हणाली. "ती माणसं मला तीनदा म्हणाली, बाई, आता कोणी यायचं राहिलं नाही, जा घरी. मी म्हटलं, एक यायचाय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साडू होता, आमच्याच घरून बोलत होता, आंघोळ वगैरे उरकून. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "काय ताई, दादांनी कुठे सोडलं शेवटी?"

"सोडलं नाही," बायको म्हणाली. "पूर्ण केली. आत्ता, माझ्यासमोर."

या विधानावर घेण्यासारख्या तीन हरकती मला उभ्या उभ्या दिसत होत्या. तिन्ही भक्कम होत्या. मी एकही घेतली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळत नव्हतं, म्हणून मी खाली बसलो. बसलो म्हणजे पायांनीच तसा निर्णय घेतला.

"उठा, घरी जाऊ," ती म्हणाली.

"उठता येत नाहीये."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी बाजूला ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, आम्ही त्याच्या वाटेत होतो. तिने हात वर करून त्याला थांबायला सांगितलं.